झुलती शेगडी

फौजेतून निवृत्त झालेल्या लालासाहेबांनी कोयनेच्या जलाशयात जुनी शिडाची होडी घेतली. कायमचं राहता यावं म्हणून तिच्यात बिछाने, पाण्याची टाकी आणि कडेनं भक्कम कठडा बसवला. मग कडेगावहून बायको मनुबाई बघायला आल्या. त्यांनी शेगडीवर चहा ठेवला, तोच वाऱ्यानं होडी कलली आणि उकळता चहा त्यांच्या पायाशी फळीवर सांडला.

"आवं, हितं रोज भाजून घ्यायचं व्हय?"

लालासाहेबांना वाटलं, आता ही माघारी जाणार. पण मनुबाईंनी त्यांना शेगडी साखळ्यांनी पाळण्यासारखी टांगायला लावली. पुन्हा वारा आला, होडी कलली, शेगडी झुलली आणि पातेलं सरळच राहिलं.

"आता ऱ्हाते मी," मनुबाई हसल्या. "पर शीड चढवायचं मला बी शिकवा."