बावीस छेद सातचा गोल कोणता?

मी बावीस छेद सात बोलतोय. मुळात मी पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा. आर्णीजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत नवा पंखा बसला, खोकं रिकामं झालं आणि रवी सरांनी मला वीतभर कापून माझ्यावर काळ्या स्केचपेनने २२/७ लिहिलं. दोन भोकं पाडून सुतळी ओवली. झालं, तेव्हापासून मी संख्या आहे.

माझ्याबरोबर चाळीसेक कार्डं झाली. कुणावर ३, कुणावर ०, कुणावर −५, कुणावर √२. खेळ असा की मैदानात पांढऱ्या फक्कीने एकात एक गोल आखायचे. सगळ्यात आत नैसर्गिक संख्या, म्हणजे १, २, ३ वगैरे. त्याबाहेर पूर्ण संख्या, तिथं शून्याला जागा मिळते. मग पूर्णांक, तिथं उणे मंडळी येतात. त्याबाहेर परिमेय, म्हणजे ज्यांना वर एक पूर्णांक आणि खाली शून्य सोडून दुसरा पूर्णांक असं लिहिता येतं ते. शेजारी अपरिमेयांचा वेगळा गोल, आणि सगळ्यांना कवेत घेणारा मोठा गोल वास्तव संख्यांचा. कार्ड गळ्यात घालायचं आणि शिट्टी वाजली की आपल्या गोलात पळायचं.

मी परिमेय. वर बावीस, खाली सात, लपवाछपवी काही नाही. पण लोकांची खोड बघा! मला पाहिलं की म्हणतात, हा तर π. अहो, पुस्तकात ‘π = २२/७ घ्या’ असं लिहिलेलं असतं. जवळपास आहे म्हणून कामापुरतं घ्या, एवढंच. π बिचारा अपरिमेय, तो माझ्यासारख्या कुठल्याच अपूर्णांकात पुरता बसत नाही. रवी सरांनी हे वर्गात नीट समजावलं होतं, आणि आठवीतल्या संगीताने ते पक्कं ध्यानात ठेवलं होतं.

डिसेंबरात आर्णीला याच खेळाची तालुक्याची स्पर्धा झाली, कार्डं आमच्याच शाळेची नेली होती. जिंकेल त्या एकालाच यवतमाळच्या आठ दिवसांच्या गणित शिबिराला जागा. संगीताला जायचंच होतं. आठ दिवस कापूस वेचायचा नाही, धुणं नाही, फक्त गणित करायचं, असं ती मैत्रिणींना सांगत सुटली होती.

शेवटच्या फेरीत दोघंच उरले, संगीता आणि आर्णीचा रजत. कार्डं उलटी ठेवून वाटली. तिच्या गळ्यात मी आलो, रजतच्या गळ्यात π. बरोबर गोलात आधी पोचेल तो जिंकणार होता. शिट्टी वाजली. संगीता सुसाट पळाली आणि परिमेयच्या गोलात उभी राहिली. मागून रजत अपरिमेयच्या गोलात पोचला. बरोबर दोघंही, पण आधी पोचली आमची पोरगी!

परीक्षक होते बापूजी. निवृत्त गणित शिक्षक, तालुक्यातले निम्मे मास्तर त्यांच्या हाताखालून गेलेले, रवी सरसुद्धा. त्यांनी मला वाचलं आणि मान हलवली. बावीस छेद सात म्हणजेच π, दोघांचा गोल एकच, मुलगी चुकली, असं म्हणून ते रजतचं नाव लिहायला लागले.

संगीताने रवी सरांकडे पाहिलं. आम्ही दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. सरांनी मान खाली घातली आणि ते बुटाने माती उकरत राहिले. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू!

“बाजूले हो, पोरी,” बापूजी म्हणाले.

“मी नाई सरकत, सर,” संगीता म्हणाली. “मले भागून पाहू द्या.”

बापूजींनी घड्याळ पाहिलं आणि दोन मिनिटं दिली. तिने मला गळ्यातून काढून उलटं केलं, खाली बसून मांडीवर ठेवलं आणि पेनाने भागाकार मांडला. सात त्रिक एकवीस, बाकी एक. शून्य घेतलं, बाकी तीन. मग दोन. मग सहा. एक आकडा खोडला, पुन्हा लिहिला. चार. पाच. बापूजी जवळ येऊन वाकून बघायला लागले. पाचावर शून्य, सात सत्ते एकोणपन्नास, बाकी पुन्हा एक.

“आता हेच आकडे परत परत येतीन, सर. π मंदी असं येत नाई.”

बापूजींनी माझ्यावरच्या बाक्या बोटाने एकेक करून तपासल्या. मग त्यांनी रजतचं नाव खोडून संगीताचं लिहिलं. पोरं ओरडायला लागली, पण ते रवी सरांकडे वळले होते.

“रवी, तुले माहीत होतं?”

“हो, सर.”

“मंग बोलला काहून नाई?”

सरांनी खाली वाकून कार्डं गोळा करायला घेतली.

संगीता यवतमाळला गेली. मी आता वर्गात फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेला आहे, भागाकाराची बाजू पुढे करून. शाईवर धूळ बसलीय, एक कोपरा मुडपलाय. स्पर्धेनंतरच्या सोमवारी रवी सरांनीच मला लावलं. पोरं विचारायला लागली तेव्हा म्हणाले, “मले येत होतं. पण आपल्या सरांचं म्हणणं खोडावं कसं, म्हणून मी गप बसलो. संगीता नाई बसली.” माझा सगळा राग तिथंच गेला.

बाळांनो, मला कुणी π म्हटलं तर म्हणणारा केवढा मोठा आहे ते बघू नका. भागून बघा. आणि बाकी परत आली की मोठ्याने सांगा, कारण मैदानात मला बोलता येत नाही.