शंख, ओझोन आणि मधले तास

गुरुवारी दुपारी तीनला कोपरीच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मांडवात चौरंगावर हवेतला ओझोन मोजायचं यंत्र, त्यामागे वायुनाथ महाराज. आकडा मोठ्या पडद्यावर झळकत होता: ९४.

"हा ओझोनासुर!" महाराज गरजले. "तुमच्या छातीत बिऱ्हाड करून बसलाय आणि भाडंही देत नाही! उद्या सूर्योदयाला बघा, माझा शंख त्याला कसा बाहेर काढतो!"

तीनदा शंख फुंकून त्यांनी यंत्र रेशमी कापडात गुंडाळलं. शुक्रवारी सूर्योदयाला कापड सोडलं, तर १२! लोक नाचायला लागले. माझी थोरली जाऊ रखमाबाई पुढे गेली आणि दम्याचा पंप महाराजांच्या परातीत टाकून आली.

"काय केलंस गो हे?" मी विचारलं.

"हवा साफ झाली ना, बायजा. आता पंप कशाला?"

त्याच दुपारी ती साफ हवेत वाल सोलायला अंगणात बसली आणि तिला श्वास घेता येईना. नातवाने, ऋतुराजने, रिक्षात घालून दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, पंप जवळ नसेल तर पुढच्या वेळी पोचायच्या नाहीत. तरी ती दुसरा पंप घेईना. "माझीच श्रद्धा कमी पडली," म्हणाली.

मी तडक महाराजांकडे गेले. "तीन ते सूर्योदय, मधे का नाही मोजत?"

"मधे यंत्र समाधीत असतं, माई."

शाळेतल्या उत्तराबाईंनी मला साठीनंतर अक्षरं शिकवली. मी त्यांच्याकडे गेले; त्यांच्या प्रयोगशाळेत तसंच यंत्र होतं. त्या म्हणाल्या, "आजी, दर तासाला आकडा बघा आणि वहीत लिहा." शनिवारी महाराज कल्याणला कार्यक्रमाला गेलेले, कोपरीत शंख नाही. मी लिहीत बसले. सकाळी सातला १३, दहाला ४१, एकला ८३, तीनला ९६, संध्याकाळी सहाला ५२. रविवारी सूर्योदयाला पुन्हा १२.

महाराज परतले होते. वही आणि उत्तराबाईंना घेऊन मी तेव्हाच मांडवात गेले आणि सगळं वाचून दाखवलं. महाराज हसले. "माझी शक्ती कल्याणहून पोचली!"

"मग दुपारी काय शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली?" मागून विकी रिक्षावाला ओरडला.

हशा ओसरल्यावर उत्तराबाई म्हणाल्या, "आत्ता सकाळी आकडा १२ आहे. यंत्र उघडं ठेवा, शंख फुंकत राहा. आम्ही बसतो."

लोकही बसले. महाराजांना फुंकावं लागलं. दहाला ३९. बाराला ७१. गाल फुगले, डोळे लाल झाले.

"महाराज, जरा हळू! फुंकाल तसा वाढतोय तो!" विकी पुन्हा ओरडला.

एक वाजता ८२ झाले आणि यंत्राऐवजी महाराजच समाधीत गेले.

मग उत्तराबाईंनी समजावलं. गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की जमिनीजवळ ओझोन तयार होतो, दुपारी खूप वाढतो. ऊन गेलं की नवा होत नाही, आणि उरलेला ओझोन गाड्यांच्याच ताज्या धुराने संपतो. पहाटेपर्यंत आकडा खाली येतोच, शंख असो नसो. "महाराजांचे दोन्ही आकडे खरे होते," त्या म्हणाल्या. "पण दिवसातून दोनदाच मोजलं, तेही सोयीच्या वेळी. दर तासाला मोजलं असतं तर ही गोष्ट रचताच आली नसती."

मी रखमाबाईकडे वळले. "आठवतं, मिठागरात कामाला असताना बघायचो ती खाडी? मी तुला ती ओहोटीला एकदा दाखवली असती आणि भरतीला एकदा, आणि मीच फुंकर मारून भरली म्हणून सांगितलं असतं, तर तू माझ्या पाया पडली असतीस?"

"तुझ्या? नाय बाय!" ती हसली, आणि हसतानाच तिला खोकला आला.

म्हणून सांगते, कोणी 'आधी' आणि 'नंतर' असे दोनच आकडे दाखवले तर मधल्या तासांचे मागा. देत नसेल तर वही घ्या आणि स्वतः लिहा. मला जमलं, तुम्हालाही जमेल.

रखमाबाई उठली. परातीत सतरा पंप होते. त्यातून तिने आपला शोधला, पदराने पुसला, हलवला आणि दोनदा ओढला. मग माझा दंड धरून म्हणाली, "चल गो घरात. ऊन चढलंय."