पावसात मिटलेली छत्री

मी छत्री बोलतेय. पण माझ्याकडून पावसाच्या गोष्टींची फार अपेक्षा ठेवू नका. एक दिवस सोडला तर माझी सगळी नोकरी कोरड्यातच गेली. शहरातल्या सगळ्यात प्रसिद्ध चौकात एक गाइडबाई पाहुण्यांना फिरवतात. त्या मला मिटून डोक्याच्या वर हातभर उंच धरतात आणि चालू लागतात. मागून पंचवीस-तीस माणसं माझ्याकडे बघत येतात.

बाईंनी मला निवडलं ते माझ्या पिवळ्याधमक रंगासाठी.

चौक मला पाठ आहे. आधी कारंजं, मग दगडी सिंह, मग घड्याळाचा मनोरा आणि शेवटी कमानींखालची दुकानं. मनोरा दाखवला की माणसं मान वर करतात आणि लगेच आपल्या मनगटावरचं घड्याळ बघतात. दोन्ही जुळली की त्यांना बरं वाटतं. सिंहाच्या नाकाला हात लावल्याशिवाय कुणी पुढे सरकत नाही. बिचाऱ्याचं नाक झिजून सपाट झालंय. बाई इतिहास रंगवून सांगत असतात, तेवढ्यात हमखास कुणीतरी विचारतं, "बाथरूम कुठंय हो?"

निघण्याआधी बाई सगळ्यांना बजावतात, "चुकलात तर शोधत फिरू नका. मिटलेली पिवळी छत्री बघा आणि तिच्याकडे या."

एकदा एक आजी-आजोबा आले होते. आजींनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "यांना हल्ली काही आठवत नाही. कधी कधी स्वतःचं नावसुद्धा. पण तुमचं ते छत्रीचं मात्र मघापासून घोकतायत."

आजोबा खरंच पुटपुटत होते, "मिटलेली, पिवळी. मिटलेली, पिवळी."

मनोऱ्यापाशी पावसानं गाठलं. भराभर छत्र्या उघडल्या. बाईंनीही कुणीही उघडेल तसं मला उघडलं. आळोखेपिळोखे दिल्यासारखं मला इतकं बरं वाटलं की मी माझ्यातच दंग झाले. आजींनी पिशवीतून रेनकोट काढायला आजोबांचा हात सोडला, आणि वळून बघतात तो आजोबा नाहीत.

"अहो! अहो ऐकलंत का!" आजी ओरडत धावल्या. चौकातले पाच-पंचवीस नवरे वळून बघू लागले. त्यांत आजोबा नव्हते.

"बाई, आपणही शोधायला जाऊ या," कुणीतरी म्हणालं.

बाईंनी चौकावर नजर फिरवली. जिकडे तिकडे उघड्या छत्र्या. त्यांत पिवळ्याही पाच-सहा. त्यांचा चेहरा उतरला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मी त्यांना मिटलेली सांगितली होती."

त्यांनी मला मिटलं, कारंज्याच्या कठड्यावर चढल्या आणि हात वर केला.

"अहो बाई, भिजताय तुम्ही!"

"भिजू दे. मी इथून हलणार नाही."

बाकीची मंडळी कमानींखाली पळाली. आजी मात्र परत येऊन बाईंच्या पदराचं टोक धरून खाली उभ्या राहिल्या. जाणारे-येणारे हसत होते. "छत्री हातात आणि डोकं पाण्यात! शहाणीच दिसतेय!" बाईंचा हात भरून आला, तशी मी डुलायला लागले. त्यांनी दुसऱ्या हाताचा टेकू दिला. मनोऱ्यात तीनचे ठोके पडले, मग साडेतीनचा एक.

आणि समोरच्या गर्दीतून आजोबा आले. पाण्यातून सावकाश, डोळे फक्त माझ्यावर. आजींकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्याखाली येऊन उभे राहिले. आजींनी त्यांचा हात छातीशी धरला आणि हुंदके द्यायला लागल्या. आजोबा बाईंकडे बघत काळजीनं म्हणाले, "अहो, किती भिजलात! छत्री आहे ना हातात? उघडा की."

बाईंना आठवडाभर ताप होता. माझ्या काड्या गंजल्या, आता मी उघडत नाही. रंगही विटलाय. तरी रोज चौकात असतेच.

आलात तर मनोरा बघा, सिंह बघा. ज्यांचा हात धरून आलात, त्यांच्याकडेही अधूनमधून बघा. मला कुणाला शोधायला जाता येत नाही. दिसेन अशी उभी राहते, एवढंच.