शेंदरातला भूमणी

"पाया पडा, पण मण्याला हात लावू नका! भूमाता जागी हाय!" एक जाडजूड शिष्य घसा फुटेस्तोवर ओरडत होता. लातुरातल्या क्लासेसच्या गल्लीमागे एक पत्र्याचं शेड आहे, तिथे त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला मुलांना डॉक्टर-इंजिनियर करायला गावाकडून आलेले आईबाप, दुसऱ्या बाजूला बायका. बहुतेक बायका औसा-निलंग्याकडच्या, भूकंपात घरं गेलेल्या. आणि मध्ये पाटावर भूगर्भ महाराज. हे नाव त्यांना कुणी दिलं नव्हतं, त्यांनी स्वतःच घेतलं होतं.

मी तिथे का गेले? माझ्या दवाखान्यात केवळाबाई नावाच्या आया आहेत. त्या सकाळपासून मागे लागल्या होत्या, "म्याडम, एकदा बघा तर खरं. दगड हालतोय, जित्या जिवावानी." मी बायकांची डॉक्टर आहे. भूकंपाच्या वर्षी नांदेडला मेडिकलला होते. आम्हा विद्यार्थ्यांना मदतीच्या तंबूंत पाठवलं होतं. तिथे जे पाहिलं त्यानंतर मला कशाचं पटकन काही वाटत नाही. चमत्काराचंही वाटेनासं झालं आहे.

महाराजांनी ताटातून शेंदूर थापलेला एक अंड्याएवढा गोळा उचलला, समोरच्या म्हातारीच्या तळहातावर ठेवला आणि वरून अंगठा दाबून आशीर्वाद दिला. गोळा थरथरायला लागला. म्हातारी किंचाळली नाही. तिने नुसते डोळे मिटले आणि तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. तिच्यामागच्या बायका एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. जमिनीची थरथर काय असते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"त्या रातीला भूमातेच्या पोटात कळ उठली," महाराजांनी सूर लावला, "ती अजून निवली न्हाई! त्या कळेचा हा गोळा! अमेरिकेचे लोक मशिनी घिऊन आले, मशिनी बंद पडल्या! जिनं तुमची लेकरं पोटात घेतली, ती आता माघारी देणार! वटीपोटाला बांधा, कूस उघडंल! आन पोरायसाठी लहान मणी हाय, उशाखाली ठिवा. बुद्धी हालली पाहिजे, बुद्धी!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. एक बाप तेवढ्यात लहान मणी मागायला पुढे घुसलाही.

"आन एक ध्यानात ठिवा," महाराजांनी बोट उगारलं, "हा फोडला, खरवडला, तर धरती पुन्हा हालंल!"

दुसऱ्या कुठल्या गावात या धमकीला लोक हसले असते. इथे कुणी हसलं नाही.

त्याच दिवशी एका लंगडणाऱ्या तरुण बाईच्या ओटीत महाराजांनी मणी घातला. ती महानंदा. नवऱ्याबरोबर, शरणप्पाबरोबर, क्लासच्या पोरांची मेस चालवायची. लहान असताना भूकंपात भिंतीखाली सापडली होती. पाठीला मार लागला, डावा पाय ओढत चालायची, आणि उजवी कमर-मांडी मेलेली. सुई टोचली तरी कळायची नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

काही आठवड्यांनी शरणप्पा तिला माझ्याकडे घेऊन आला. ती येत नव्हती, त्याने ओढतच आणली.

"कपडा चिकटून बसलाय कमरंला," तो म्हणाला. "वास यायलाय. आन ही म्हणती काई झालं न्हाई."

कमरेच्या उजव्या बाजूला, हाडाच्या जरा खाली, तळहाताएवढी जागा भाजली होती. मधलं कातडं पांढरं, चिवट झालेलं. खोल जखम होती. अशा जखमेने माणूस रडून गाव गोळा करतो. महानंदा टेबलावर पडून छताच्या पंख्याकडे बघत होती.

"दुखतं?"

"न्हाई."

मणी अजून तिच्या ओटीतच, त्याच बाजूला बांधलेला होता. हातात घेतला तर चांगलाच गरम लागला, आणि एका बाजूने फुगला होता. खालचा शेंदूर घामाने निघाला होता; आत गुलाबी रबर आणि दोन धातूच्या टाचण्यांचं बारीक भोक. तो कधीही पेटेल म्हणून मी वस्तीतल्या बांधकामावरची वाळू मागवली, मणी स्टीलच्या डब्यात वाळूखाली ठेवला आणि डबा अंगणात नेऊन ठेवला.

"हा थरथरायचा थांबला की काय करायचीस?" मी विचारलं.

"निजला की महाराजांकडं न्यायचा. ते आत समाधीत ठिवतेत, आन मग जागा करून देतेत."

"आणि कधी जागा होत नाही?"

ती जरा आठवत म्हणाली, "दिवसभर लाईट गेली आसली की. त्या दिशी मौन आसतंय."

"देवाला लाईट कशाला लागते गं?"

तिने तोंड फिरवलं. मी सरळच सांगितलं. हे बॅटरीवर चालणारं यंत्र आहे. आत एक इवलीशी मोटर, तिच्या दांड्यावर एका बाजूला जड वजन. मोटर फिरली की ते वजन हेलकावे खातं आणि सगळं थरथरतं. नांदेडच्या एका बाईचा नवरा दुबईहून असलंच आणायचा, म्हणून मला ठाऊक. नवराबायकोच्या किंवा एकट्या बाईच्या सुखासाठी हे बनवतात. त्यात पाप काही नाही. पण त्याचे नियम असतात. ते अंगाला बांधून झोपायचं नाही, ओलं होऊ द्यायचं नाही, चार्जिंगला लावलेलं अंगाजवळ आणायचं नाही, गरम झालं किंवा फुगलं की परत वापरायचं नाही. हा माल हलका, सेल त्याहून हलका. चार्जिंगच्या भोकात घाम गेला, दोन टाचण्या एकमेकींना जोडल्या गेल्या आणि सेल आतून तापत राहिला. दुसरीला चटका बसला असता आणि तिने तो फेकून दिला असता. महानंदाला कळलंच नाही.

"खोटं हाय," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "यंत्र आसतं तर मला कळालं आसतं का? त्या अंगाला म्या तव्यावर टेकले तरी कळत न्हाई, म्याडम. आन महाराजांनी मणी ठिवला आन मला कळालं. आत. हाडात. लहानपणापसून पहिल्यांदा कळालं. म्या रातभर जागी ऱ्हाऊन ते ऐकत बसले. तुमी त्याला खोटं म्हनू नका."

मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत मला असं वाईट वाटलं नव्हतं, त्यामुळे ते ओळखायलाही जरा उशीर लागला.

मग मी कपाटातून नादकाटा काढला. दोन पातींचा, स्टीलचा. शाळेच्या प्रयोगशाळेत आवाजाच्या धड्याला असतो तोच, आणि नसा तपासायला आम्ही डॉक्टरही वापरतो. टेबलाच्या कडेवर आपटला आणि त्याचा दांडा तिच्या उजव्या कमरेच्या हाडावर टेकवला.

महानंदा दचकून उठूनच बसली.

"मणी!"

"मणी नाही. हा लोखंडाचा तुकडा आहे. बघ, मी हाताने धरते." मी पाती दाबून थांबवल्या.

"गेलं," ती म्हणाली. मी पुन्हा वाजवला. "आलं."

शरणप्पाने तो माझ्या हातातून घेऊन उलटसुलट बघितला. मी तिला समजावलं. पाठीच्या कण्यातून दुखण्याची, ऊन-गाराची वाट वेगळी जाते आणि थरथरीची वाट वेगळी. भिंतीखाली तुझी एक वाट तुटली. दुसरी शाबूत राहिली. ती इतकी वर्षं कुणी तपासलीच नाही. तुला जे कळलं ते खरंच कळलं. ते तुझ्या नसेचं आहे, त्या बुवाने त्यात काही घातलं नाही.

तिने नादकाटा स्वतः वाजवला, स्वतः कमरेला लावला. बराच वेळ ती तेच करत राहिली.

"आन लेकरू?" तिने विचारलं.

"त्याचा या कमरेशी संबंध नाही. आधी याची तपासणी करू." मी शरणप्पाकडे बोट केलं. "ती सगळ्यांत सोपी असते. इतक्या वर्षांत केली का?"

शरणप्पा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

पट्टी बांधून झाल्यावर महानंदा म्हणाली, "म्याडम, तिथं त्या दिशी रडली त्या म्हातारीच्या वटीत बी मणी हाय. आन लई जणींच्या. मला घिऊन चला."

दुसऱ्या दिवशी दुपारी केवळाबाईंना घेऊन आम्ही शेडमध्ये गेलो. गर्दी तशीच, शिष्य तसाच ओरडत. महानंदा पाय ओढत सरळ पाटापाशी गेली आणि महाराजांच्या ताटातला एक मणी उचलला. "माझा मणी बदलला म्हणतील, म्हणून ह्यांचाच घेते," ती मला म्हणाली.

"फोडू नकोस," मी पटकन म्हटलं. "आतला सेल पेट घेईल. नुसता खरवड."

महाराज उठून उभेच राहिले. "ए बाई! धरती हालंल! साऱ्या लातुराचं पाप तुझ्या माथी! ठिव खाली!"

पुढच्या बायका मागे सरकल्या. एकीने पोराला छातीशी धरलं. मला वाटलं आता महानंदा मणी खाली ठेवते.

"महाराज," ती म्हणाली, "धरती हालली तवा म्या भितीखाली हुते. माझी माय माझ्या अंगावर मरून पडली हुती. कुनी काई खरवडलं नव्हतं हो तवा."

तिने पदराने तेल पुसलं आणि नखांनी शेंदूर काढायला सुरुवात केली. शेंदराच्या खपल्या पाटावर पडत गेल्या. खाली गुलाबी रबर निघालं, मग एक बटण, मग चार्जिंगचं भोक. तिने ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि बटण दाबलं.

"भूमाता जागी झाली." पुन्हा दाबलं. "निजली." पुन्हा दाबलं. "जागी झाली. हा ह्यांचा आशीर्वादाचा अंगठा."

हातच्या काकणाला आरसा कशाला. केवळाबाईंनी तोवर मागच्या खोलीचा पडदा ओढला होता. महाराजांच्या समाधीत एक लांबलचक बोर्ड होता, उघड्या जोडांच्या वायरी, आणि ओळीने चार्जिंगला लावलेले शेंदरी गोळे. खाली चटई, चटईवर तेल सांडलेलं. ते शेड आजवर पेटलं नाही हाच काय तो तिथला चमत्कार. मी आधी मेन स्विच बंद केला.

"यंत्र हे निमित्तमात्र असतंय," महाराज म्हणत होते, "भाव महत्त्वाचा..." पण ते शिष्याच्या मोटरसायकलकडे सरकत सरकत म्हणत होते. गल्लीच्या तोंडाशी क्लासच्या पोरांच्या बापांनी त्यांना अडवलं आणि पोलीस येईपर्यंत बसवून ठेवलं.

ते यंत्र मुळात कशासाठी असतं, हेही मी तिथे सांगितलं. काही पुरुष फिदीफिदी हसले, काही बायकांनी पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, लाज वाटायचीच असेल तर फसवणाऱ्याला वाटू द्या. पहिल्या दिवशीची ती म्हातारी मात्र हसली नाही. तिने ओटीतला मणी काढून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "म्हंजी ह्याच्यात माझी नात न्हाई?"

"नाही आजी."

"बरं," ती म्हणाली, आणि चप्पल शोधायला गेली.

महानंदाच्या जखमेवर पुढे कातडं बसवावं लागलं. ती बरी झाली. शरणप्पाने शेवटी तपासणी करून घेतली. दोष त्याच्यात निघाला आणि औषध चालू झालं. मूल होईल की नाही हे मला आज सांगता येत नाही, आणि जो छातीठोक सांगतो त्याच्या दारात उभं राहू नका.

तिला घरी सोडताना मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मी म्हटलं, "महानंदा, या अंगाला चटका कळत नाही. म्हणून रोज अंघोळीच्या वेळी आरसा धरून ते डोळ्यांनी बघायचं. कळत नाही म्हणजे भाजत नाही असं समजायचं नाही." आपल्याकडे दुःखाने बधिर झालेली माणसं खूप आहेत, मीही त्यांतलीच. आपल्याला भाजलेलं आतून कळणार नाही. तेव्हा कुणी काही अंगाला बांधायला आलं, तर आधी उजेडात धरून बघा, आत काय आहे ते विचारा, आणि तो खरवडू देत नसेल तर बांधू नका.