वावळकोंडाच्या वाटेवरचा बांबू

मी बांबू बोलतोय. वावळकोंडाच्या वाटेवर आडवा टाकलेला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, बुडाला दगड बांधलेला. तुम्ही कधी मोकळ्या दिवशी आला असाल तर माझ्या बाजूनं वर गेला असाल. बरेच जण तसेच जातात. जाताना हसतात, आणि पलीकडे पोचले की माझ्या बुडाच्या दगडावर कोपर टेकून फोटो काढतात. काढोत बापडे. बांबूला कशाचं वाईट वाटून घ्यायची सवय नसते.

पनवेलचा एसटी स्टँड सोडून रिक्षा डोंगराकडे वळली की शेवटी आमची वाडी लागते. वाडीच्या डोक्यावर धबधबा आहे आणि धबधब्याच्या पायाशी खोल डोह. त्या डोहालाच सगळे कोंड म्हणतात. कोंडाचं पाणी वहाळातून खाली येतं आणि वाडीच्या विहिरीत झिरपतं. पुढचं सगळं भांडण त्या पाण्यावरून झालं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म काशिरामकाकांच्या गोठ्यामागच्या बेटातला. काका म्हणजे आमच्या गावकीचे म्होरके. वाडीतलं कुठलंही काम त्यांना विचारल्याशिवाय होत नाही, आणि विचारलं की लवकर होत नाही. त्यांनी मला थंडीत, अंधाऱ्या पाखात, म्हणजे वद्य पक्षात तोडलं. चांदण्या पाखात तोडलेल्या बांबूला कीड लागते म्हणतात. मला अजून तरी मोठीशी लागलेली नाही, तेव्हा खरं असेलही.

तोडल्यावर माझं पहिलं काम हळदीच्या मांडवाचं. आमच्याकडे लग्न एकवेळ साधं चालतं, पण हळद दणक्यात व्हावी लागते. निकेशची हळद होती. रात्रभर माणसं नाचली, माझ्या खांद्यावर दिव्यांच्या माळा होत्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच खालून रंजिता नवरी होऊन वाडीत आली. मांडव सुटला, मी आढ्याला गेलो. निकेश उरणकडे कंटेनरच्या ट्रकवर लागला आणि घरी कधीमधी दिसू लागला. घरात उरल्या दोघी, रंजिता आणि तिची सासू सखूबाई.

पुढे मोबाईलवर कोणीतरी आमचा धबधबा दाखवला, आणि झालं! माणसं यायला लागली. आधी पाठीवर पिशव्या लावलेली पोरं, मग मोटारी, मग मोटारींच्या रांगा. रंजितानं मला आढ्यावरून काढलं, माझ्यावर ताडपत्री ताणली आणि अंगणात जेवण द्यायला सुरुवात केली. तांदळाच्या भाकऱ्या, गावठी कोंबडीचा रस्सा, सुकट, कांदा. बाईच्या हाताला चव. शनिवारी-रविवारी तिला श्वास घ्यायला फुरसत नसे. पहिल्यांदाच तिच्या हातात स्वतःच्या कमाईचे पैसे आले, आणि तिची मान थोडी वर झाली हे मी ताडपत्रीखालून रोज बघत होतो.

माणसांचं एक मला कधी कळलं नाही. इतक्या लांबून ती मोकळी हवा खायला येतात आणि येताना सगळं घर बरोबर आणतात. मोठमोठे स्पीकर, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोलच्या ताटल्या, बाळाचे लंगोट. जाताना हवा घेऊन जातात आणि बाकीचं आमच्याकडे ठेवतात.

मग पनवेलहून एक मंडळ आलं. जबाबदारीनं पर्यटन कसं करावं हे त्यांनी वाडीला समजावलं. चांगली माणसं होती, मी नावं ठेवणार नाही. त्यांच्यामुळे रंजितानं प्लास्टिकच्या ताटल्या बंद करून पत्रावळी आणल्या, पाण्याच्या बाटल्या विकायच्या सोडून दारात माठ ठेवला, वाटेवर कचऱ्याला गोण्या लागल्या. गोण्या भरतातही. फक्त घंटागाडी इथवर चढत नाही, त्यामुळे भरलेल्या गोण्या वळणामागे जाऊन बसतात. तो ढीग अजून तिथंच आहे.

मंडळ शेवटी म्हणालं, "आठवड्यातून एक दिवस ही जागा बंद ठेवा. डोंगराला विश्रांती द्या."

काशिरामकाकांची छाती फुगली. "अवो, ता तर आमचे आज्यापनज्यापासून हाय! मंगळवारची पालनूक."

पाळणूक म्हणजे त्या दिवशी डोंगराला सुट्टी. मंगळवारी वाडीतलं कोणी कोंडावर जात नाही. कपडे नाहीत, गुरं नाहीत, लाकूडफाटा नाही. त्या दिवशी वरची बाय, म्हणजे वाडीची देवी, कोंडात आंघोळ करते. एकट्या सखूबाईनं मूठभर तांदूळ घेऊन जायचं, बायला वाहायचं आणि कळशीभर पाणी आणायचं. त्या पाण्यात घरचा भात शिजतो.

तेव्हा मला ताडपत्रीखालून सोडवलं, पट्टे रंगवले आणि वाटेवर दोन खुंटांच्या बेचक्यात बसवलं. दगड दाबला की मी वर, शेंडा ओढून दोरी बांधली की मी खाली. दर मंगळवारी मी आडवा. पाटी लागली, नारळ फुटला, फोटो निघाले. अख्खा पावसाळा मी मोठ्या रुबाबात वाट अडवली.

पण अडवली कोणाची? मंगळवारी येतं कोण? नोकरदार माणसं ऑफिसात असतात. माझ्यासमोरून मंगळवारी एखादं कुत्रं जायचं, तेही खालून. आणि रविवारी पहाटेच काका दगड दाबून मला आभाळाकडे करून ठेवायचे, म्हणजे मोटारींना अडथळा नको. वाडीतल्या एकालाही हे खटकलं नाही. पाळणूक पाळली ना, मग झालं.

पुढच्या श्रावणात एका मंगळवारी सखूबाई कळशी घेऊन उतरल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. कळशीत फेस होता. पाण्याला शाम्पूचा गोडसर वास येत होता. त्यांनी कळशी माझ्या खुंटाशी उपडी केली आणि मटकन खाली बसल्या. "बाय आता आंगोळीला येत नाय गो रंजे," त्या धावत आलेल्या सुनेला म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. विहिरीच्या पाण्यालाही आठवडाभर तोच वास होता. वाडीतली पोरं जुलाबानं आडवी झाली.

गावकी बसली, माझ्या शेजारीच, वडाखाली. कोणी म्हणालं शाम्पूवर बंदी घाला, कोणी म्हणालं पाटी मोठी करा. रंजिता मागे उभी होती. ती एकदम बोलून गेली, "मंगळवारी आपनच जात नाय वर, नि ते बी येत नाय. मंग बंद कोनासाठी हाय? घान होते आयतवारी. पालायचा तर आयतवार पाला."

कोणीतरी हसून विचारलं, "आन तुजा हाटेल गो?"

रंजिताचा चेहरा उतरला. बोलताना तिला तेवढं सुचलंच नव्हतं. तिची खरी कमाई रविवारची. शनिवारी येणारे निम्मे घरून डबा आणतात. तिनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा विहिरीकडे. "जे व्हयाचा ता व्हईल," ती म्हणाली.

सखूबाईंनी बायला कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फूल ठेवायचं, उजवं पडलं की होकार. मी तिथं नव्हतो, ऐकीव सांगतो. उजवं पडलं. "पर मंगळवार मोडायचा नाय," काकांनी बजावलं. म्हणजे आठवड्याला दोन दिवस मी आडवा.

पहिल्याच बंद रविवारी नवीन पनवेलहून दोन गाड्या आल्या. कृष्णकांत म्हणून निवृत्त गृहस्थ, त्यांची पत्नी कुमुद, मुलं, सुना, नातवंडं. त्यांनी रंजिताकडे जेवण आधीच सांगितलं होतं. तिनं फोन करून कळवलंही होतं, की कोंड बंद आहे, जेवायला मात्र या. ते म्हणाले होते, "बघू, आल्यावर बोलू." आपल्याकडे आल्यावर बोललं की बरंच काही उघडतं, हा त्यांचा आयुष्याचा अनुभव असणार.

"आम्ही काही दारू पिणारे नाही हो," कृष्णकांत नम्रपणे म्हणाले. "कचरा करणार नाही. मुलं सकाळपासून वाट बघतायत. फक्त पाच मिनिटं."

नात रडायला लागली होती. काशिरामकाका विरघळले. लाच दिली असती तर काकांनी देणाऱ्याला उभं केलं नसतं, पण दारात आलेला पाहुणा परत पाठवणं त्यांच्या रक्तात नाही. "पाच मिन्टा काय व्हतंय," असं पुटपुटत त्यांनी दोरी सोडली आणि माझ्या बुडाच्या दगडावर हात ठेवला. मी हलायला लागलो.

रंजिता अंगणातून पळत आली. हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं. तिनं माझा शेंडा दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा सगळा भार टाकून लोंबली.

"काका, उचलाचा त मला घेऊन उचला."

"रंजे, पावनं हायत ती!"

"माजंच पावनं हायत! रस्सा चुलीवर हाय त्यांचा. आज यांना सोरलं त उद्या कोनाला अडवाल?"

काकांचा हात दगडावर, तिचा भार शेंड्यावर, आणि मधे मी करकरत होतो. माझ्या एका पेराला चीर पडली ती तेव्हाची. काकांनी हात काढला. कृष्णकांतांना अपमान वाटला. कुमुदबाई म्हणाल्या, "निदान जेवून तरी जाऊ या," पण ते गाडीत जाऊन बसले होते. गाड्या वळल्या. रंजिता अंगणात गेली, रश्श्याच्या पातेल्याकडे बघत बसली आणि रडली. ते जेवण वाडीत घरोघर वाटलं गेलं. काका खाली मान घालून जेवले.

त्यालाही आता बरेच महिने झाले. पाण्याचा वास गेला, हे खरं. विहिरीचं पाणी पोरांना बाधत नाही. पण रविवारची गर्दी काही घरी बसली नाही. थोडी शनिवारी सरकली, बाकीची डोंगरापलीकडच्या वाडीवर गेली, आणि आता तिथला वहाळ फेसाळतो म्हणे. आमच्या वाडीतली काही घरं कुरकुरतात, की आपलं गिऱ्हाईक ते पळवतात आणि आपण बांबू धरून बसलोय. पुढच्या पावसाळ्यात रविवार ठेवायचा की सोडायचा, हे ठरलेलं नाही. माझी चीर रुंदावतेय. माझ्या जागी लोखंडी पाइप आणायचं चाललंय. आणोत. लोखंडालाही उचलणारा कोणीतरी असतोच.

तुम्ही या. शनिवारी या, आदल्या दिवशी रंजिताला सांगून या, भाकऱ्या गरम मिळतील. मात्र रविवारी चुकून आलात आणि वाट अडवलेली दिसली, तर पलीकडे एक बाई उभी असेल. तिला पाच मिनिटं मागू नका. कमाईची चूल तिनं त्या दिवशी पेटवलेलीच नसते.