डाव्या हाताचा पट्टा

“हा कोण?” गंगाबाईंनी विचारलं.

शालिनीनं चित्र खिडकीशी, उजेडात धरलं होतं. काळ्या शाईत छापलेला एक गडी गिरकी घेत होता. एक पाय भुईवर, दुसरा उडालेला. दांडपट्ट्याचं पातं एकाच वेळी चार ठिकाणी लवलवत होतं, आणि मानही दोनदा दिसत होती, वळण्याआधीची आणि वळलेली.

“हंबीर, काकू. दुसरा कोण?”

“अगं, अख्खा आखाडा त्याला डाबोडी, डावखुरा, म्हणून हाक मारायचा. आणि तू पट्टा चढवलायस उजव्या हाताला.”

शालिनीनं चित्र झपकन खाली घेतलं.

गंगाबाई शाईच्या डब्यांशेजारच्या स्टुलावर बसल्या. वाघोडियाच्या रस्त्यावर ट्रकनं स्कूटर उडवून त्यांचा हंबीर गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. घरी फोटो होता, पण कारखान्याच्या पासासाठी काढलेला. खांबासारखा ताठ, डोळे वटारलेले. असा तो जन्मात कधी बसला नव्हता. सगळं बडोदं त्याचा पट्टा बघून आलं, आईनं तेवढा बघितला नाही. घराणं शिलेदारांचं, आणि आखाड्यात बाईनं पाऊल टाकायचं नाही ही शिस्त घरात सगळ्यांत कडक पाळायच्या त्या स्वतःच. शालिनीला मात्र कॉलेजातली शिक्षिका म्हणून वस्तादांनी ओट्यावर बसून चित्रं काढू दिली होती. म्हणून तर गंगाबाई, कधी कुणाच्या दारी न जाणाऱ्या, आज आपणहून नागरवाड्यात शालिनीकडं आल्या होत्या. एकदा पोराला खेळताना बघायचं होतं.

“चूक माझीच,” शालिनी म्हणाली. “चित्राचा कागद मी फळीवर सुलटा चिकटवला आणि तसाच कोरला. छापताना डावं ते उजवं होतं. कागद पालथा चिकटवायला हवा होता.”

“भाकरी कधी उलटायची ते चुलीपुढच्या पोरीला कळतं. तुला एवढं शिकून कागद उलटायचं कळलं नाही?”

“नाही कळलं.”

समोरचा वाद घालीना, तशी गंगाबाईंची धार बोथट झाली.

“मग तो आधीचा कागद दे मला.”

“तो कोरताना गेला, काकू. लाकडाबरोबर कागदही कापला जातो.”

“आणि फळी?”

“फळी आहे. पण...”

“आण म्हणते ना.”

शालिनीनं कपाटामागून फळी काढली. शाईनं काळा झालेला हंबीर लाकडातून वर उठून आला होता. पट्टा डाव्या हातात. गंगाबाई पुढं वाकल्या, आणि मग त्यांना तो चरा दिसला. खोल, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, हंबीरच्या छातीतून गेलेला.

“हे कुणी केलं?”

“मीच. ठरलेल्या प्रती निघाल्या की फळीवर चरा मारायचा, म्हणजे पुन्हा कुणी छापणार नाही. आमच्यात तशी रीत आहे.”

“रीत,” गंगाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी उडालेल्या पायावर बोट ठेवलं. “हा पाय टेकला, की पुढं काय करायचा?”

“गुडघ्यावर बसायचा. डोळ्यांवर पट्टी. खाली ठेवलेलं लिंबू एका फटक्यात कापायचा.”

“नेम लागायचा?”

“बहुतेक वेळा. चुकला तर सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचा.”

“चुकल्याचं घरी कधी सांगितलं नाही मेल्यानं,” गंगाबाई म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या.

शालिनी म्हणाली, “काकू, मी नवी फळी कोरते. आता नीट कोरते.”

“कशावरून कोरशील? तो काय परत गिरकी घ्यायला येणारे?” त्या उठल्या. “हीच नेते.”

“शाई लागेल लुगड्याला.”

“लागू दे.”

कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. रिक्षावाल्यानं फळीकडं बघितलं आणि मागच्या जागेकडं बोट दाखवलं. “माजी, ए लाकडुं पाछळ मूकी दो ने.”

“ए लाकडुं नथी, भाई.”

गंगाबाई सीटच्या एका कडेला सरकल्या आणि शेजारी फळी टेकवून उभी केली. रस्ताभर, खड्डा आला की, त्या त्याच्यापुढं हात आडवा धरत होत्या.