एकशे सत्तावीसपैकी सात

मी ड्रम पॅड बोलतोय. थांबा, नाव ऐकूनच कानावर हात ठेवू नका. धिंगाणा मी केला नाही, तो माझ्याकडून करून घेतला गेला. तेच सांगायला आज तोंड उघडलंय.

वहीएवढं माझं अंग. त्यावर रबराच्या सोळा चौकोनी गाद्या, चार-चारच्या चार रांगा. मला स्वतःचा आवाज नाही, हे आधीच कबूल करतो. गादीवर बोट पडलं की मी वायरीतून लॅपटॉपला दोनच गोष्टी कळवतो: कुठली गादी आणि किती जोर. जोर मी एक ते एकशे सत्तावीस अशा आकड्यांत मोजतो. आवाज लॅपटॉप काढतो, पण तो किती हळुवार आणि किती खणखणीत, ते मी ठरवतो. माझी सारी अक्कल एवढीच आणि सारा अभिमानही एवढाच.

कारखान्यातून निघताना माझ्यासोबत तयार आवाजांचा एक संच दिला होता. त्यातल्या एका कप्प्याचं नाव ‘ट्रायबल’. धडाम, धडाम, आणि मागे कुणीतरी हुऽ हुऽ करतंय. हे कुठल्या गावात, कुणाच्या अंगणात ऐकलं, विचाराल तर कुणालाच पत्ता नाही.

मला गुंजनने आणलं. ती वर्ध्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सिंदी मेघेत खोली घेऊन राहते. घर गोंडाचं, गाव तळेगावच्या पुढे. तिचे आजोबा गोमाजी ढोल वाजवायचे. त्यांच्या ढोलाशिवाय गावात लग्न लागलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी लकव्याने त्यांचा उजवा हात गेला. सेवाग्रामच्या दवाखान्यातून ते स्वतःच्या पायांवर घरी आले, हात मात्र लटकताच राहिला. ढोलाला दोन तोंडं, दोन बाजूंना. एका हाताने दोन्ही कशी गाठायची? ढोल खुंटीवर गेला आणि गोमाजींचं बोलणंही त्याच्यासोबत गेलं.

माझ्या गाद्या पाहिल्या आणि गुंजनच्या मनात आलं, इथे ढोलाची दोन्ही तोंडं शेजारी शेजारी बसतील की!

दिवाळीच्या सुट्टीत ती मला गावी घेऊन गेली. खुंटीवरचा ढोल उतरवला, आवाज टिपायला पुढे मोबाईल ठेवला. डाव्या तोंडाच्या थापा गोमाजींनी स्वतः दिल्या. उजवीकडची काडी गुंजनने धरली.

“हळू मार वं पोरी. ढोल हाये, कवाड नाई.”

“किती हळू, आजा?”

“माशी बसल्यावानी.”

माझ्या खालच्या दोन रांगांत ढोल बसला. वरच्या दोन रांगा गाण्याच्या सुरांसाठी होत्या. लॅपटॉपमध्ये तयार सप्तकांची ही लांब यादी! गुंजन एकेक लावत गेली, गोमाजी नकाराची मान हलवत गेले. त्यांच्या गाण्याला सूर पाचच, आणि त्यातला तिसरा कुठल्याच तयार खणात मावेना. तो जरासा खाली, रेलून बसलेला. गुंजनने तो केसाकेसाने उतरवला.

“हां, आता घरी आला,” गोमाजी म्हणाले.

त्यांच्या घरची एक रीत आहे. वाजवण्याआधी ढोल उठवायचा. झोपलेल्या माणसाच्या खांद्याला लावावा तसा तीनदा हलका हात. ढोलाने उत्तर दिलं तरच थाप द्यायची. नाही दिलं, तर ढोल नको म्हणतोय असं समजायचं आणि उठायचं.

गोमाजींनी डाव्या हाताचं बोट माझ्यावर टेकवलं. मी मोजलं: सात. एकशे सत्तावीसपैकी सात! तेवढं बारीकसुद्धा मी सोडलं नाही. लॅपटॉपमधून त्यांचाच ढोल कुजबुजला. दुसरा स्पर्श, तिसरा, आणि मग गोमाजींनी जी थाप धरली! आजी देवकाबाई चुलीपुढून उठून दारात आल्या.

“बुढ्याले दुसरा हात फुटला का काय!”

इथेच माझी गोष्ट संपायला हवी होती. पण कॉलेजचं स्नेहसंमेलन आलं. सांस्कृतिक विभागाचे धनंजय सर गुंजनला म्हणाले, “तुझ्या आजोबांना आणच.” तिने मला मंचावर लावलं आणि ती आजोबांना घ्यायला बसस्टँडवर गेली.

तेवढ्यात पियुष आला. तो लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या धुमाल पार्टीत पॅड वाजवतो आणि कॉलेजचे स्पीकरही तोच सांभाळतो. वाईट पोरगा नाही, म्हणून तर जास्त चीड येते. त्याने मला बोट लावलं, लॅपटॉपवरचा आकडा पाहिला आणि हसला.

“सात? हा का आवाज हाये? ही तर खरखर हाये.”

तीसच्या खालचं काहीच कळवायचं नाही, असं त्याने मला बजावलं. मग ‘फुल लेव्हल’चं बटण दाबलं. म्हणजे कुणी कसंही वाजवो, मी सांगायचं एकशे सत्तावीसच. गोमाजींचा ढोल काढून ‘ट्रायबल’ बसवला. तिसरा सूर बेसूर आहे म्हणून ‘दुरुस्त’ केला. धनंजय सर शेजारीच होते.

“वा, आता कसं आदिवासी वाटतंय!”

वाटतंय! खरा माणूस बसमधून येत होता, आणि यांना कारखान्यातला हवा होता.

गोमाजी धुतलेलं धोतर नेसून मंचावर बसले. बोट टेकवलं. मला कळलं, अगदी स्पष्ट कळलं, पण सांगायची बंदी होती. स्पीकर गप्प. त्यांनी पुन्हा टेकवलं. पुन्हा गप्प.

“आजोबा, लाईन गेली का?” मागून कुणी ओरडलं.

“जोऱ्यानं हाणा ना बाप्पा!”

तिसऱ्यांदाही काही नाही. गोमाजींनी हात मांडीवर घेतला. पियुष धावत आला, “असं, आजोबा, असं!” म्हणत त्याने मला दणका दिला. धडाम! हुऽ हुऽ! सगळं सभागृह नाचायला लागलं.

गुंजनने माझी वायर उपटली.

“काऊन बंद केलं वं? पब्लिक नाचून राह्यली ना!” पियुष म्हणाला.

“नाचून राह्यली. अन् माहा आजा काऊन बसून राह्यला, ते पाह्यलं का तू?”

“एवढं काय मनावर घेतेस?” धनंजय सर म्हणाले. “त्याने आवाज वाढवूनच दिला ना?”

वाढवून दिला! आधी ऐकू येणं बंद करायचं आणि मग आवाज वाढवला म्हणून उपकार सांगायचे!

गावी परतताना गोमाजी एवढंच बोलले, “ढोलानं मले नाई म्हटलं, पोरी. तीनदा इचारलं.”

गुंजनने मला पुन्हा पहिल्यासारखं लावलं, ‘फुल लेव्हल’च्या बटणावर दवाखान्यातली चिकटपट्टी डकवली, हा यंत्राचा दोष होता म्हणून परोपरीने समजावलं. पण ते ऐकेनात. “यंतराचं नाव नको सांगू. दिवाळीत तेच तर बोललं होतं.” तीन महिने मी ढोलाखाली धूळ खात पडून होतो.

शेवटी गुंजन पियुषलाच गावी घेऊन आली. “मी सांगून थकली. तूच सांग.” तो ओसरीवर उकिडवा बसला.

“आबाजी, तुमच्या ढोलानं नाई म्हटलंच नाई जी. मी ह्या पॅडचा कान बंद केलता. तुमचा हात त्याले हलका वाटला नाई, मले वाटला.”

गोमाजी त्याच्याकडे वळले. “म्हंजे ढोलाले ऐकूच नाई आलं?”

“नाई जी.”

“मंग तसं सांगाले तीन महिने काऊन लागले रे?”

पियुषने मला ढोलाखालून काढून लॅपटॉपला जोडलं. देवकाबाईंनी पदराने माझी धूळ पुसली.

गोमाजींनी बोट टेकवलं. सात. ढोल कुजबुजला. पुन्हा सात. ढोल पुन्हा बोलला.

हात जोडायला मला हात नाहीत, म्हणून सरळच सांगतो. मला लावायचं तर लावा, पण आधी विचारा की वाजवणार कोण आहे. ज्याचा हात हलका, त्याचं बोलणं खरखर नसतं. तुमच्या कानाला पोचलं नाही, तर स्वतःचा कान पुढे करा, माझा बंद करू नका.

तिसरं बोट टेकलं. सात. आता गप्प बसा सगळे. गोमाजींनी हात उचललाय.